कारणाचा रकाना

एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल चाळले, तर काही तक्ते वर्षानुवर्षे त्याच क्रमाने येताना दिसतात. दाखल झालेल्यांचे वय, धर्म, व्यवसाय, वेडाचा प्रकार आणि शेवटी वेडाचे कारण. प्रकार त्या काळच्या युरोपीय वैद्यकातून आलेले: मॅनिया, मेलँकोलिया, डिमेन्शिया. कारणांचे ढोबळ दोन वर्ग: शारीरिक आणि ‘मॉरल’. या दुसऱ्या शब्दाचा नीतीशी फारसा संबंध नव्हता. दुःख, भीती, दारिद्र्य, वियोग असे मनावरचे आघात त्यात मोडत.

या तक्त्यांतला कारणाचा रकाना भरणे हे सर्वांत अवघड काम होते आणि तेच सर्वांत सहज उरकले जाई. १८५८ च्या ३६ व्या कायद्यान्वये रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे आणि मॅजिस्ट्रेटने त्याची रवानगी इस्पितळात करायची, अशी व्यवस्था होती. अशा माणसाचे गाव, घर, पूर्वायुष्य यांतले काहीच पुष्कळदा कोणाला ठाऊक नसे. तरी रकाना रिकामा ठेवणे दप्तराच्या शिस्तीत बसत नसे. मग एक हाताशी असलेला शब्द लिहिला जाई: गांजा. पुढे १८९३-९४ मध्ये हिंदुस्थानातील भांग-गांजाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने इस्पितळांतल्या या नोंदी एकेक करून तपासल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा विश्वासार्ह नाहीत असा निष्कर्ष काढला. दुसरे काही माहीत नसल्यामुळे गांजा लिहिला गेला होता, आणि वर्षानुवर्षे लिहिला गेल्यामुळे तो सिद्ध झाल्यासारखा वाटू लागला होता.

ज्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो, त्या आजाराचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या एका रकान्याचा इतिहास आहे. प्रत्येक काळाने तो आपापल्या शब्दाने भरला. प्रत्येक शब्दाबरोबर कोणावर तरी ठपका आला, आणि तो बहुधा रुग्णाच्या घरावरच आला. साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासात विशेष रस असायला हवा, कारण घटनेमागे कारण ठेवणे, म्हणजे कथानक रचणे, हा आपलाच व्यवसाय आहे.

२

कारणाचे सर्वांत जुने उत्तर ‘बाहेरचे’ असे आहे. वसई-विरारच्या पट्ट्यात, मागच्या डोंगराळ भागातल्या वारली पाड्यांपासून किनाऱ्यावरच्या वस्त्यांपर्यंत, ‘बाहेरची बाधा’ हा शब्दप्रयोग कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वारल्यांचा भगत तांदळाचे दाणे पाहून कोणते दैवत कोपले आहे ते सांगतो. या उत्तराला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त, कफ आणि तिन्हींचा सन्निपात हे चार शरीरातले, आणि पाचवा ‘आगंतु’, म्हणजे बाहेरून आलेला. शास्त्र आणि लोकसमजूत यांच्यात इथे आपण समजतो तेवढी मोठी भिंत नव्हती. शिवाय या उत्तराचा एक सामाजिक गुण होता: कारण बाहेरचे असल्यामुळे दोष माणसाचा राहत नसे, त्याच्या आईबापांचाही राहत नसे. त्याची बाजू उलटली की मात्र साखळदंड, उपास, मार हे सारे ‘त्याला’ नसून ‘आतल्याला’ आहे, असे म्हणण्याची सोय होई.

मराठी गद्याच्या अगदी आरंभीच वेडाचा प्रश्न उभा राहिलेला आहे, हे विद्यार्थ्यांना आठवत असेल. चक्रधरांचे गुरू ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू यांचे चरित्र तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने सिद्ध केले. त्यात गोविंदप्रभूंचे वागणे लोकरीतीला सोडून असलेले दिसते, आणि भोवतालची माणसे त्यांना वेडा म्हणतात, पिसा म्हणतात आणि देवही म्हणतात. आधुनिक वाचकाला इथे निदान करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. सातशे वर्षांपूर्वीच्या चरित्रग्रंथावरून आजार ठरवता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की ‘वेड’ आणि ‘पिसे’ या शब्दांनी त्या समाजात माणूस हद्दपार होत नव्हता. तेच शब्द भक्तीसाठीही चालत होते. आजही ‘गाण्याचे वेड’ म्हणताना आपण त्या जुन्या अर्थाचा धागा धरून असतो.

३

हा धागा तुटला तो संस्थांच्या काळात. मुंबईत कुलाब्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. पुढे नागपूर आणि रत्नागिरी येथे अशी इस्पितळे झाली. १९०१ साली ठाण्याचे इस्पितळ सुरू झाले आणि नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. त्यानंतर काही वर्षांत येरवड्याचे उभे राहिले. वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे वसई, नालासोपारा, विरार, आगाशी, अर्नाळा या गावांतल्या माणसांसाठी ‘ठाण्याला नेणे’ या शब्दांना शंभरएक वर्षे दोन अर्थ होते. एक कोर्टकचेरीचा. दुसरा कुजबुजत सांगण्याचा. मुंबई-ठाण्यात ‘ठाण्याला पाठवा’ आणि पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ ही थट्टा ज्या सहजपणे रूढ झाली, तीवरून एका गावाच्या नावाचे आजाराच्या नावात रूपांतर कसे होते ते कळते.

सरकारी नाव बदलत गेले. १९२० च्या दशकाच्या आरंभी ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आले, आणि कालांतराने मराठी पाटीवर ‘मनोरुग्णालय’ लागले. १९१२ चा ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट’ मात्र १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष अंमलात येईपर्यंत टिकून होता. वेड लागलेल्या पण कोणताही गुन्हा न केलेल्या माणसांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर १९९३ साली सांगावे लागले.

४

इकडे हे चालू असताना युरोपात आजाराला नाव मिळत होते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने १८९० च्या दशकात आपल्या पाठ्यपुस्तकाच्या लागोपाठच्या आवृत्त्यांतून ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे अकाली येणारा बुद्धिनाश, हा आजार वेगळा काढला. त्याची पद्धत साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. एका भेटीतल्या लक्षणांवर न थांबता त्याने रुग्णाची सबंध कहाणी, विशेषतः तिचा शेवट, पाहिला. ज्यांची कहाणी ओसरत-उसळत पूर्वपदावर येते ते एका वर्गात, ज्यांची घसरतच जाते ते दुसऱ्या. शेवटावरून प्रकार ठरवायचा, जसा आपण शोकांतिकेचा ठरवतो. यातली अडचणही तीच: शेवट आधीच ठरला आहे असे मानले, की मधल्या अंकांत कोणी फारसे काही करून पाहत नाही.

स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉइलर याला हा ठरलेला शेवट मान्य नव्हता. त्याचे काही रुग्ण बरे होत होते, आणि पुष्कळांना आजार अगदी अकाली झालेलाही नव्हता. १९०८ साली त्याने नवा शब्द सुचवला आणि १९११ च्या ग्रंथात तो विस्ताराने मांडला: स्किझोफ्रेनिया. ग्रीक भाषेतल्या ‘दुभंगणे’ आणि ‘मन’ या अर्थाच्या दोन शब्दांची ही जोडणी. ब्लॉइलरला अभिप्रेत होते ते मनाच्या व्यापारांमधले दुवे सैल होणे. विचाराचा विचाराशी सांधा सुटतो, भावना आणि प्रसंग यांची सांगड राहत नाही. एका देहात दोन माणसे राहतात, असे त्याने कधीच म्हटले नव्हते.

मराठीत हा शब्द आणताना ‘छिन्नमनस्कता’, ‘छिन्नमानस’ असे पर्याय घडवले गेले. शास्त्रीय परिभाषा म्हणून ते वाईट नाहीत. पण बोलीत आणि वृत्तपत्रांत रुळला तो ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्द, आणि त्याच्याबरोबर दिवसा सज्जन, रात्री दुर्जन असा चित्रपटी नायक घरोघरी पोचला. एका भाषांतराने एका आजाराबद्दल किती गैरसमज पेरता येतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. जपानमध्ये हीच अडचण होती. तिथल्या नावाचा अर्थही ‘मन दुभंगण्याचा रोग’ असाच होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या आग्रहावरून तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ साली ते नाव टाकून नवे स्वीकारले. आपल्याकडे ‘मनोविकार’ हा शब्द अजून चालतो. त्यातल्या ‘विकार’ या शब्दाचा जुना अर्थ मात्र आपण विसरलो आहोत. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचे रूपांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ हे नाव दिले. तिथे विकार म्हणजे रोग नव्हे, प्रत्येकाच्या मनात उसळणाऱ्या भावना. सर्वांचा असलेला एक शब्द शंभर वर्षांत फक्त रुग्णांचा होऊन बसला.

५

विसाव्या शतकाच्या मध्याला रकान्यात नवा शब्द आला, आणि तो सर्वांत निष्ठुर ठरला: आई. मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ मध्ये स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या मातेची कल्पना मांडली. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परस्परविरोधी संदेशांच्या कोंडीत सापडलेल्या मुलाचा सिद्धान्त पुढे आणला. सिद्धान्त म्हणून तो लेखकांना भुरळ घालणाराच होता. आपल्याकडे वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ या नाटकाने त्याच दशकात मनोविश्लेषणाची दृष्टी मराठी रंगभूमीवर आणली, आणि ती समर्थपणे आणली. पण रंगभूमीवर जे पेलते ते दवाखान्यात पेलेलच असे नाही. आईच्या वागण्याने हा आजार होतो, याला पुढच्या संशोधनात आधार मिळाला नाही. तोवर असंख्य आयांनी मुलाच्या आजारासोबत अपराधाची भावनाही वाहिली होती.

आपल्याकडे या शब्दाला एक देशी जोड होती. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला देणारी माणसे पुढे ‘सून आल्यापासून बिघडला’ असे म्हणायलाही तयार असत. मुलगी आजारी असेल तर ‘माहेरच्यांनी फसवले’. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा घटस्फोटाच्या कारणांतील मानसिक विकृतीच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनिया हा शब्द नाव घेऊन घातला गेला. इतक्या आजारांत हा एकच मान त्याला मिळाला! १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसते नाव लावल्याने काही सिद्ध होत नाही. आजाराची तीव्रता किती आणि त्यामुळे सहजीवन अशक्य होते का, हे पाहावे लागते. नाव आणि माणूस यांतला हा फरक न्यायालयाने केला. समाजाने तो अजून पुरता केलेला नाही.

६

रकान्यातला पुढचा शब्द रसायनशास्त्रातला आहे, आणि त्याची वाट मुंबईवरून जाते. सर्पगंधा ही वनस्पती वेडावर आणि निद्रानाशावर आपल्या देशात परंपरेने वापरली जात होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याच साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे कृत्रिम औषध मनोरुग्णांवर यशस्वी ठरले. १९५७ च्या लास्कर पुरस्कारात वकिलांचे नाव क्लोरप्रोमाझिनशी संबंधित लाबोरी आणि देनिके या फ्रेंच डॉक्टरांच्या नावांसोबत आहे.

रिसर्पिन हे औषध म्हणून मागे पडले, पण त्याने एक दार उघडले. त्याच १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी दाखवले, की रिसर्पिन दिलेले ससे निश्चल होतात आणि डोपामीन ज्यापासून बनते ते द्रव्य दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात. डोपामीन हे मेंदूतले महत्त्वाचे संदेशवाहक आहे, हे त्यातून पुढे आले. १९६३ मध्ये त्यांनी नव्या औषधांचा संबंध या संदेशवाहकाशी जोडला. डोपामीनचा अतिरेक म्हणजे स्किझोफ्रेनिया, हे समीकरण यातून रूढ झाले.

इथेही सावध राहायला हवे. तापावर गोळी लागू पडते, म्हणून गोळीच्या अभावाने ताप आला असे कोणी म्हणत नाही. डोपामीनला अडवणारी औषधे कानात येणारे आवाज आणि पक्क्या संशयांची धार बहुतेकांत कमी करतात. बोलणे आटणे, उत्साह जाणे, एकलकोंडेपणा, एकाग्रता ढळणे यांवर त्यांचा प्रभाव फार थोडा पडतो. २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एक नवे औषध तर डोपामीनच्या ग्राहकांना थेट हात न लावता वेगळ्याच वाटेने काम करते. एका शब्दाने रकाना भरला, असे रसायनशास्त्रालाही म्हणता आलेले नाही.

७

मग आज काय माहीत आहे? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण ती विधिलिखित नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल, तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल, तर शंभरातल्या साधारण नव्वद मुलांना तो होत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागांचा या आजाराशी संबंध दिसला. त्यांतल्या बहुतेकींचा परिणाम अगदी लहान आहे. गर्भावस्थेतली उपासमार, प्रसूतीतल्या अडचणी, बालपणीचे गंभीर आघात, स्थलांतर, आणि किशोरवयात गांजाचे जड सेवन यांनी धोका वाढतो. म्हणजे जुन्या कारकुनांचा शब्द सर्वस्वी खोटा नव्हता. त्यांनी तो न पाहता लिहिला, एवढाच त्यांचा दोष.

आजार बहुधा विशी-पंचविशीच्या सुमारास उघड होतो, स्त्रियांत सरासरीने काहीसा उशिरा. त्याची तयारी मात्र मेंदूच्या घडणीत फार आधीपासून चाललेली असते, असे १९८० च्या दशकापासून मानले जाऊ लागले. किशोरवयात मेंदूतील अनावश्यक जोडण्या छाटल्या जातात. ही छाटणी प्रमाणाबाहेर गेली तर काय होते, हा सध्याच्या संशोधनाचा एक प्रमुख प्रश्न आहे. प्रत्यक्ष झटक्याआधी काही महिने किंवा वर्षे झोप बिघडते, अभ्यास मागे पडतो, मित्र तुटतात, माणूस स्वतःच्या खोलीत राहू लागतो. घरच्यांना तो परीक्षेचा ताण वाटतो, प्रेमभंग वाटतो, आळस वाटतो. पुढे आजार उघड झाला, की हीच लक्षणे ‘कारणे’ होऊन बसतात. ‘नापास झाला म्हणून वेड लागले’ या वाक्यात बहुधा क्रम उलटा असतो: आजार सुरू झाला होता, म्हणून तो नापास झाला. आधी घडले ते कारण आणि नंतर घडले ते कार्य, ही कथानकाची सवय इथे माणसाचा घात करते, कारण उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो, तितके बरे होणे साधारणपणे कठीण होते.

कुटुंबाबद्दलचा प्रश्नही आता वेगळ्या रीतीने विचारला जातो. घर आजार निर्माण करत नाही, पण त्याच्या पुढच्या वाटचालीवर परिणाम करते. सततची टीका, वैर किंवा गुदमरवणारी काळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त, असे ब्रिटनमध्ये दिसले. १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये केलेल्या तशाच अभ्यासात असा तीव्र भावनिक ताण असलेली घरे लंडनपेक्षा कमी आढळली. त्यावरून आपली एकत्र कुटुंबे म्हणजे औषधच, असे अनुमान काढण्याची घाई झाली, आणि पुढच्या संशोधकांनी त्या आशावादाला प्रश्न विचारले. तेही योग्यच झाले. घरात सामावून घेणे आणि घरात कोंडून ठेवणे, या दोन्हींना बाहेरून ‘सांभाळणे’ असेच म्हटले जाते.

८

मराठीत या आजाराबद्दल मोकळे बोलणे सुरू झाले, त्यात सांभाळणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले आणि कॅल्गरी विद्यापीठात अध्यापन केलेले जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणातून आलेला अनुभव संस्थेच्या रूपाने पुण्यात आणला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था निघाली. वाणी यांच्याच प्रयत्नांतून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. त्यातला शेष (अतुल कुलकर्णी) बुद्धिमान आहे, कोकणातल्या देवराईत त्याचा जीव गुंतला आहे, आणि त्याची तळमळ कुठे संपते व भ्रम कुठे सुरू होतो, हे त्याच्या बहिणीलाही (सोनाली कुलकर्णी) सहज सांगता येत नाही. या चित्रपटाचे सर्वांत मोठे धाडस मला असे वाटते, की शेषच्या आजाराचे खापर तो कोणाच्याही डोक्यावर फोडत नाही. प्रेक्षक खलनायक शोधत राहतो, आणि त्याला बहिणीची दमणूक दिसते. रकाना रिकामा ठेवून कथा सांगता येते, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांहून अधिक होती. आता ती बरीच वाढली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. पण ज्या बारा राज्यांत ते झाले, तिथे स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजार आयुष्यात कधीतरी झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के होते, आणि अशा आजार्‍यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश उपचाराबाहेर होते. याच ठोकताळ्याने पाहिले, तर विरारच्या लोकलमध्ये कोंबलेल्या माणसांत, कुपारी घरांत, नव्या इमारतींच्या सातव्या-आठव्या मजल्यांवर, हा आजार भोगलेली काही हजार माणसे असणार. त्यांच्यासाठी जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय अजून ठाण्याचेच. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून घरातून फिरवता येतो. २०१७ चा कायदा उपचाराला हक्क म्हणतो, आणि रूढ नीतिकल्पनांशी न जुळणे हा मानसिक आजाराचा पुरावा मानू नये, असे बजावतो. गोविंदप्रभूंच्या ऋद्धिपुराने हा विवेक कायद्यावाचून राखला होता.

आपल्या वर्गात एखादा विद्यार्थी मागच्या बाकावर सरकत जातो, वहीतली अक्षरे विस्कटतात, निबंधातले वाक्य अर्ध्यावर दुसरीकडे वळते. शिक्षकाला ते घरच्यांच्याही आधी दिसते. तेव्हा त्याने ‘असे का झाले’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि ‘केव्हापासून?’ एवढेच विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना घरातले कोणीतरी आरोपी होते. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टरला उपयोगी पडते.